रानभाजीची भरपाई कोण देणार?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या शिबिराचा विषय आहे ‘बायका आणि अन्न’. सकाळपासून रेशन, बियाणं, अंगणवाडीतला आहार यांवर बरंच बोलणं झालं. मला बोलायचंय ते कुठल्याच दुकानात, कुठल्याच रजिस्टरात नसलेल्या अन्नाबद्दल. म्हणजे रानातून खुडून आणलेल्या भाजीबद्दल. आणि तेही अणुवीज केंद्रातल्या अपघाताच्या संदर्भात.

मी शास्त्रज्ञ नाही. पालघर जिल्ह्यात रानभाज्या गोळा करणाऱ्या बायकांच्या गटांबरोबर मी काम करते. तारापूरचं अणुवीज केंद्र याच जिल्ह्यात आहे, १९६९ पासून. आमच्या बैठकांमध्ये कधीतरी जपानचा विषय निघतो आणि कोणीतरी हमखास विचारतं, “ताई, तसं इकडं झालं तर आमच्या भाजीचं काय?” आमच्या रानात असं काही झालंय असं मी म्हणत नाही. पण प्रश्न बरोबर आहे. अणुऊर्जेवरच्या चर्चेत मेगावॉट असतात, युनिटचा दर असतो, भूकंपाची शक्यता असते. भाजीचा प्रश्न बाईच विचारते. तो विचारला गेला म्हणून मी जपानबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडते आहे.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली. फुकुशिमा दाइइची केंद्रातला वीजपुरवठा तुटला, भट्ट्या थंड ठेवणारे पंप बंद पडले आणि तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. हायड्रोजनचे स्फोट झाले. किरणोत्सारी द्रव्यं हवेत गेली. बरीचशी समुद्राकडे गेली. पण १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला, पाऊस आणि बर्फ पडला आणि ती द्रव्यं त्या दिशेच्या डोंगरांवर उतरली. इइताते नावाचं सुमारे सहा हजार वस्तीचं गाव केंद्रापासून तीस ते पन्नास किलोमीटरवर आहे. ज्या वीस किलोमीटरच्या वर्तुळातून लोकांना लगेच हलवलं त्याच्या ते बाहेर. तिथल्या लोकांना गाव सोडायला सांगितलं एप्रिलच्या उत्तरार्धात. म्हणजे नकाशावर कंपासने काढलेलं वर्तुळ वाऱ्याला ठाऊक नव्हतं.

फुकुशिमा प्रांताचा सुमारे ७० टक्के भाग जंगल आहे. तिथल्या डोंगराळ गावांत वसंत ऋतू म्हणजे रानभाज्यांचा हंगाम. जपानी भाषेत त्यांना ‘सान्साय’ म्हणतात, म्हणजे डोंगरातली भाजी. बर्फ वितळू लागलं की आधी ‘फुकिनोतो’ या कडवट कळ्या वर येतात. मग ‘वाराबी’ आणि ‘झेन्माय’ हे नेच्यांचे मुठीसारखे वळलेले कोवळे कोंब, ‘तारानोमे’ आणि ‘कोशिआबुरा’ हे झाडांच्या शेंड्यांवरचे धुमारे, बांबूचे कोंब, आणि पुढे शरदात नाना तऱ्हेच्या अळंब्या. रानात पुरुषही जातात, विशेषतः अळंब्यांना. पण आणलेलं निवडणं, कडू काढणं, मिठात घालणं, वाळवून ठेवणं आणि कोणाच्या घरी किती द्यायचं ते ठरवणं ही कामं बहुतेक बायकांची. शेजारी, नातेवाईक, शहरात गेलेली मुलं यांना वाटा पाठवायच्या रिवाजाला तिकडे ‘ओसुसोवाके’ असा शब्द आहे. आपल्याकडे पहिल्या पावसाची शेवळं शेजारी दिल्याशिवाय कोणी खात नाही, तसंच.

आता एक शास्त्राची गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. या अपघातात बाहेर पडलेल्या द्रव्यांपैकी आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणजे काही महिन्यांत ते संपलंच. सिझियम-१३४ दोन वर्षांत निम्मं होतं. पण सिझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. म्हणजे २०११ साली जे पडलं त्यातलं निम्मं २०४१ साली शिल्लक असेल. झाडाच्या मुळांना सिझियम हे पोटॅशियमसारखंच वाटतं. पोटॅशियम तर झाडाला हवंच असतं, आणि ते सर्वांत जास्त जातं वाढत्या शेंड्यांकडे. आपण खुडतो तो नेमका हाच कोवळा शेंडा.

शेतात या सिझियमला आवरता आलं. वरची माती काढता आली. चिकणमाती सिझियमला धरून ठेवते, त्यामुळे ते पिकात कमी जातं. भातखाचरात पोटॅशियमचं खत भरपूर घातलं की मुळं सिझियम कमी उचलतात. २०१२ च्या सुगीपासून फुकुशिमात तांदळाचं प्रत्येक पोतं यंत्राखालून जाऊ लागलं. वर्षाला सुमारे एक कोटी पोती! पहिल्या वर्षी त्यातली ७१ मर्यादेबाहेर निघाली आणि २०१५ च्या पिकापासून एकही नाही. हे काम खरोखर मोठं आहे, ते मान्य केलंच पाहिजे.

पण रानाला खत कोण घालणार? जंगलाची सफाई केली ती घरांच्या कडेपासून साधारण वीस मीटरपर्यंत. त्यापलीकडे डोंगर तसाच राहिला. झाडांच्या पानांवर पडलेलं सिझियम पानांबरोबर खाली आलं, पालापाचोळ्यात आणि वरच्या काही बोटं मातीत साठलं. तिथून मुळं आणि बुरशी ते पुन्हा वर ओढतात, पान होतं, पान गळतं, आणि फेरा सुरूच राहतो. जंगल आपलं काही वाया जाऊ देत नाही. एरवी हा त्याचा गुण, इथे तोच घात करतो. कोशिआबुराची मुळं याच वरच्या थरात पसरतात, म्हणून त्या भाजीत सिझियम सर्वांत जास्त आढळत आलं आहे. फुकुशिमाच नव्हे, शेजारच्या अनेक प्रांतांतही रानातल्या कोशिआबुराच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. म्हणजे तांदूळ चार वर्षांत शुद्ध ठरला, पण डोंगरातली भाजी एका पिढीत ठरणार नाही. पेरलेलं लवकर सुटतं, आपोआप उगवलेलं अडकून राहतं. आणि आपोआप उगवलेल्यावर कोणाचा जास्त जीव अवलंबून असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अपघातानंतर जपान सरकारने अन्नासाठी तात्पुरती मर्यादा ठरवली : किलोला ५०० बेकरेल. एक बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एका अणूचं विघटन. एप्रिल २०१२ पासून मर्यादा १०० वर आणली. दूध आणि बाळांच्या अन्नासाठी ५०, पिण्याच्या पाण्यासाठी १०. हा १०० चा आकडा कसा आला, हे मजेशीर आहे. वयाचे आणि स्त्री-पुरुषांचे गट पाडून, वर्षाला एक मिलिसिव्हर्टची मर्यादा धरून हिशेब केला. सर्वांत कडक आकडा आला १३ ते १८ वर्षांच्या मुलग्यांचा, कारण ते सर्वांत जास्त जेवतात! तो आला १२०, मग त्याचे १०० केले. म्हणजे हा आकडा सैल नाही, सावधपणे काढलेला आहे.

पण हा कायदा बाजाराचा आहे. मर्यादेबाहेर गेलेल्या भागातली भाजी विकायला बंदी घालतात. काही ठिकाणी, विशेषतः अळंब्यांच्या बाबतीत, खाऊ नका असाही आदेश निघाला. पण बहुतेक ठिकाणी आपल्या डोंगरावरून खुडून आपल्या घरी शिजवण्याला बंदी नाही. शहरातलं गिऱ्हाईक कायद्याने सुरक्षित झालं. गावातल्या घरी मात्र ताटात काय वाढायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि ‘ज्याचं त्याने’ म्हणजे कोणी, हेही आपल्याला ठाऊक आहे. चुलीपाशी जी उभी आहे तिने.

तिने कसं ठरवायचं? गावोगावी नगरपालिकांनी मोजणीची केंद्रं उघडली. पण त्या यंत्रात घालायला भाजी अर्धा-एक किलो लागते आणि ती बारीक चिरावी लागते. दोन मुठी कोंब आणले तर मोजायचे की शिजवायचे? शिवाय एका उतारावरची भाजी कमी भरते, पलीकडच्या ओढ्याकाठची जास्त. यावर्षीचा आकडा पुढच्या वर्षी लागू होतोच असं नाही. जिने चाळीस वर्षं नजरेने आणि वासाने भाजी पारखली, तिच्या नजरेला आणि नाकाला सिझियम दिसत नाही, त्याचा वासही येत नाही.

तिच्या हातातली विद्या अगदीच निकामी झाली असंही नाही. वाराबीचा कडूपणा आणि विषारीपणा काढायला तिकडच्या बायका ते राखेच्या किंवा सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवून पाणी फेकून देतात. आपण शेवळाची खाज काकडांनी मारतो तशी ही जुनी युक्ती. सिझियम पाण्यात विरघळतं, त्यामुळे या भिजवण्यात त्याचा बराच भाग निघून जातो असं दिसून आलं. पण कोशिआबुरा आणि तारानोमे तळून खातात, त्यात काही जात नाही. आणि राख? लाकूड जळलं की त्यातलं सिझियम राखेत एकवटतं. सरकारला जळाऊ लाकडासाठी किलोला ४० बेकरेलची वेगळी मर्यादा ठरवावी लागली ती त्यामुळेच. म्हणजे जिच्यावर विष उतरवायची भिस्त, ती राखच आता संशयित.

इथे मला एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की बायका घाबरवतात. किलोला हजार बेकरेल, म्हणजे मर्यादेच्या दहापट असलेली भाजी मोठ्या माणसाने वर्षभरात पाऊणशे किलो खाल्ली, तेव्हा एक मिलिसिव्हर्ट होतो. एका वाटीने कोणी दगावत नाही. मग एवढं बोलायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण त्या बाईने गमावलं ते वाटीतल्या बेकरेलपेक्षा मोठं आहे. पूर्वी जे अन्न बिनधास्त खाता येत होतं, नातवाला भरवता येत होतं, शेजारणीच्या दारात ठेवता येत होतं, त्याच्या प्रत्येक घासाला आता आकडा चिकटला. म्हातारी म्हणते, मी खाईन, माझं वय झालं. सून म्हणते, मुलाला नको. सासू दुखावते, सून अपराधी होते. शहरातल्या मुलीला डबा पाठवायचा की नाही, पाठवला तर ती खाईल की टाकेल? जिच्या दारात आपण कोंब ठेवतो, तिच्यावर आता ‘नको’ म्हणण्याची वेळ आणतो. देवघेव थांबते ती अशी, न भांडता.

आणि ज्या आया विचारत राहिल्या त्यांना काय मिळालं? किरणोत्सर्गाला जपानीत ‘होशानो’ म्हणतात. शेवटचं अक्षर बदललं की उच्चार तोच राहतो, पण अर्थ होतो ‘किरणोत्सारी मेंदू’. काळजी करणाऱ्या लोकांना, त्यात आयांना, चिडवायला हा शब्द निघाला. शेतकऱ्यांच्या मालाची बदनामी केली, ‘अफवेने नुकसान’ केलं, हा दुसरा आरोप. काही जणी मुलांना घेऊन दूर शहरांत गेल्या, नवरा नोकरीसाठी मागे राहिला. एका घराची दोन घरं झाली. सक्तीच्या पट्ट्याबाहेरून आपणहून गेलेल्यांची मोफत घरांची सोय मार्च २०१७ मध्ये थांबली. भट्टी कंपनीची, परवाना सरकारचा, आणि वेडी ठरली आई!

पण तिथल्या बायका गप्प बसल्या नाहीत. इवाकी शहरात आयांनी पुढाकार घेऊन नोव्हेंबर २०११ मध्ये ‘ताराचिने’ नावाची मोजणीची प्रयोगशाळा काढली. लोक तिथे अन्न, पाणी, माती घेऊन येऊ लागले. ऑक्टोबर २०११ मध्ये फुकुशिमाच्या बायकांनी टोकियोत अर्थव्यवस्था, व्यापार आणि उद्योग खात्यासमोर तीन दिवस धरणं धरलं. रुइको मुतो या कार्यकर्तीची कहाणी आपल्या विषयाच्या फार जवळची आहे. डोंगरातल्या आपल्या जागेवर त्या २००३ पासून एक छोटं उपाहारगृह चालवत. जंगलात पडलेली ओकची फळं वेचायची, तुरटपणा काढायचा आणि त्यांचे पदार्थ करून लोकांना खाऊ घालायचे. अपघातानंतर ते बंद झालं. जून २०१२ मध्ये १३०० हून अधिक रहिवाशांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांविरुद्ध फौजदारी तक्रार केली, त्या तक्रारदारांच्या प्रमुख मुतो होत्या. खटला उभा राहिला, पण २०१९ मध्ये अधिकारी निर्दोष सुटले, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

भरपाईचं काय झालं? गाव सोडावं लागलेल्यांना मानसिक त्रासापोटी दरमहा माणशी एक लाख येन अशी रक्कम ठरली. विक्री थांबलेल्या मालाची भरपाई विक्रीच्या जुन्या नोंदींवरून. आता सांगा, घरी खायला आणि वाटायला आणलेल्या भाजीची नोंद कुठे असणार? पावती नाही, भाव नाही, सातबारा नाही. जपानच्या लोकांना हे सगळं न्यायालयात ‘गाव गमावणं’ या नावाखाली मांडावं लागलं. डोंगर, ओढा, शेजार, रानातला मेवा, सगळं मिळून. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये हे नुकसान मान्य केलं, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका नाकारल्यावर ती भरपाई पक्की झाली. अकरा वर्षांनी! त्याच वर्षी जूनमध्ये त्याच न्यायालयाने सरकारवर मात्र जबाबदारी नाही असा निर्णय दिला.

हे जपानपुरतं नाही. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलचा स्फोट झाला, त्यानंतर बेलारूस आणि युक्रेनच्या खेड्यांत अळंब्या आणि रानबोरांसारखी जंगली फळं हाच लोकांच्या पोटात सिझियम जाण्याचा एक मोठा रस्ता राहिला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पगार थांबले, तेव्हा लोक पुन्हा रानाकडे वळले; उपाशी माणसाला बेकरेल सांगून काय उपयोग? नॉर्वेत सामी लोकांचे रेनडिअर दगडफुलावर चरतात, ते दूषित झालं. मांसाची मर्यादा किलोला ६०० बेकरेल होती, ती नोव्हेंबर १९८६ मध्ये रेनडिअरसाठी ६००० केली. सामींचा धंदा बुडू नये म्हणून, आणि शहरी माणूस हे मांस क्वचितच खातो म्हणून. पण सामी घरात ते रोज शिजतं. मर्यादा ही नुसती शास्त्राने ठरत नाही, कोणाच्या ताटाकडे पाहून ती ठरवली यावर बरंच असतं.

आणि आपली मुंबईही यातून सुटली नव्हती. चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून आलेलं लोणी मुंबईत दुधाच्या योजनेतून वाटलं जात होतं. ते दूषित असल्याची शंका घेऊन काही नागरिक उच्च न्यायालयात गेले, मग सर्वोच्च न्यायालयात. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने लोणी खायला योग्य असल्याचं सांगितलं आणि १९८८ मध्ये याचिका निकालात निघाली. लोणी सरकारी कागदावरून आलं होतं, त्याचा माग काढता आला, म्हणून निदान न्यायालयात प्रश्न तरी विचारता आला. रानभाजीचा माग कोण काढणार?

आता आपल्या कामाचं बोलू. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला सहा भट्ट्यांचा, १०,३८० मेगावॉटचा प्रकल्प प्रस्तावित आहे. तिथली बरीच जमीन पडीक असल्याचं सरकारी बाजूने सांगितलं गेलं, गावकऱ्यांनी ते नाकारलं. ‘पडीक’ हा शब्द नीट ऐका. ज्या जमिनीवरून कागदोपत्री उत्पन्न निघत नाही ती पडीक. मग आषाढात तिच्यावरून टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी कोण आणतं? बायकांचे श्रम मोजले जात नाहीत, म्हणून त्या श्रमांची जागाही मोजली जात नाही. घरकामाबद्दल आपण इतकी वर्षं हेच सांगत आलो आहोत. रानभाजी हे त्याच हिशेबातलं पुढचं पान आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत, चर्चेसाठी.

पहिली, नोंद. अणुवीज केंद्राजवळ, खाणीजवळ, रासायनिक कारखान्याजवळ, जिथे कुठे आपले गट आहेत तिथे वर्षभराची वही करायची. कोणत्या महिन्यात कोणती भाजी, कुठल्या रानातून, किती आणली, किती घरी खाल्ली, किती वाटली, किती विकली. लिहिता येत नसेल तिथे मुली लिहितील. त्या निमित्ताने भाज्यांची ओळखही त्यांच्याकडे जाईल. नुकसान झाल्यावर ‘आमचं काय होतं’ हे सिद्ध करत बसण्यापेक्षा, आज सगळं धड आहे तेव्हाच ते लिहून ठेवलेलं बरं.

दुसरी, मोजणीची माहिती. आपल्या देशात अणुवीज केंद्रांच्या परिसरात माती, पाणी, दूध, भाजीपाला यांची तपासणी करणाऱ्या सरकारी पर्यावरण-प्रयोगशाळा आहेत. त्यांचे आकडे मराठीत, ग्रामसभेत, बायकांना समजतील असे सांगितले जावेत ही मागणी करायची. आणि तपासायच्या यादीत रानभाज्या, अळंब्या, बांबूचे कोंब आहेत का, हे विचारायचं. नसतील तर घाला म्हणायचं.

तिसरी, जनसुनावणी. प्रकल्पाची सुनावणी होते तेव्हा जमीनमालक बोलतात, मच्छीमार बोलतात, आणि त्यांनी बोललंच पाहिजे. पण जिच्या नावावर गुंठाही नाही आणि जिचं घर चार महिने रानावर चालतं, ती मंडपाच्या मागे उभी असते. वही हातात घेऊन तिला पुढे उभं करणं, हे आपल्या संघटनांचं काम आहे.

अणुऊर्जा हवी की नको, यावर आपल्यातही मतभेद असतील. माझं मत ‘नको’ असं आहे, ते मी लपवत नाही. पण ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनीही एवढं मान्य करायला हरकत नसावी की धोक्याचा जमाखर्च मांडताना ज्या अन्नाला भाव नाही ते अन्नच नव्हे, असं धरून चालणार नाही. जेवणानंतर गटचर्चा आहे. वहीचे रकाने कोणते असावेत, याचा एक कच्चा तक्ता मी करून आणला आहे. त्यात काय राहिलं आहे, ते तुम्ही सांगा.